स्क्रीनवर राखाडी, कागदावर गुलाबी

सहावा प्रिंट ट्रेमध्ये येऊन पडला तरी भिंत काही राखाडी होईना. पहिल्या प्रिंटला ती गुलाबी होती, तिसऱ्याला हिरवट झाली, पाचव्याला जरा बरी वाटली पण तोवर बाबांचा चेहरा हिरवा पडला होता, आणि सहाव्याला परत फिरून गुलाबी.

फोटो तसा साधाच आहे. बाबा खिडकीशी बसून पुस्तक वाचतायत, एका बाजूने उजेड, मागे राखाडी भिंत, अंगात निळा स्वेटर, म्हणजे निळाच पण जरा जांभळ्याकडे झुकणारा, ज्यावरून घरात आधीच वाद आहेत. दोन संध्याकाळी बसून मी तो लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये एडिट केला, सावलीतला गाल थोडा उजळला, भिंतीवरचा डाग काढला, स्किन टोन नीट केला, आणि स्क्रीनवर तो इतका भारी दिसत होता की मी खुर्ची मागे घेऊन लांबून, जवळून, मान तिरकी करून सगळीकडून बघून घेतला. मग चांगला ग्लॉसी पेपर घातला आणि ए४ साइझची प्रिंट दिली. कागद बाहेर आला, चेहरा काळवंडलेला, शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावाने तो हातात घेतला आणि म्हणाला, "ताई, बाबा उन्हात भाजलेत का गं?"

पुढे मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात म्हणून सांगते. फोटोतला मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी कमी केला, एक्स्पोजर म्हणजे उजळपणा वाढवला, परत प्रिंट. अजून थोडं कमी, अजून थोडं जास्त, परत प्रिंट. म्हणजे प्रिंट बिघडतेय म्हणून मी चांगला फोटो नासवत होते, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. शेवटी माझ्याकडे एक फाइल उरली जी स्क्रीनवर शेवाळ आल्यासारखी दिसायची आणि कागदावरही धड नव्हती, आणि एक मॅजेंटाची कार्ट्रिज, जवळजवळ रिकामी.

त्या रात्री कंटाळून मूळ एडिट परत उघडलं आणि सहज कर्सर भिंतीवर नेला. लाइटरूममध्ये हिस्टोग्राम म्हणजे उजेड-अंधाराचा जो आलेख असतो त्याच्या खाली कर्सर जिथे असेल तिथले लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे टक्क्यांत दिसतात, मी ते कधी वाचलेच नव्हते. भिंतीवर होते ५१.२, ५०.९, ५१.४. तिन्ही जवळपास सारखे म्हणजे रंग न्यूट्रल, कुठलीच झाक नसलेला, म्हणजे फाइलमधली भिंत खरोखर राखाडीच आहे आणि गुलाबीपणा फाइल सोडून गेल्यावर पुढे कुठेतरी घुसतोय. मग कर्सर बाबांच्या उजेडाकडच्या गालावर नेला तर आकडे चाळिशीच्या आतबाहेर, जे उजेडातल्या गालाला फारच कमी आहेत, म्हणजे चेहरा काळवंडलेला येतोय तो मात्र फाइलमध्येच तसा आहे. एका प्रिंटमध्ये दोन रोग, एक फाइलमधला, एक प्रिंटिंगचा, आणि मी दोन्हीवर एकच औषध देत होते. घोडं एका जागी पेंड खात असतं तर सापडलं तरी असतं.

आधी अंधाराचं सांगते कारण तो जास्त लोकांना छळतो. मॉनिटर स्वतः उजेड फेकतो, कागद बिचारा पडलेला उजेड परत पाठवतो, एवढाच फरक आहे पण सगळी गोम त्यात आहे. कंपनीतून मॉनिटर येतो तो भरपूर ब्राइट करून ठेवलेला असतो आणि आपण तो तसाच वापरतो. अशा स्क्रीनवर काळोखा फोटोसुद्धा झकास उजळ दिसतो, मग आपण एक्स्पोजर वाढवत नाही, उलट कमीच करतो. तपासायला काही यंत्र लागत नाही. स्क्रीनवर एक कोरं पांढरं डॉक्युमेंट उघडायचं आणि शेजारी, ज्या उजेडात आपण प्रिंट बघणार त्याच उजेडात, फोटोपेपरचा कोरा कागद धरायचा. माझ्याकडे स्क्रीन म्हणजे पेटलेली ट्यूबलाइट आणि कागद म्हणजे धुऊन धुऊन विटलेली चादर असं दृश्य होतं. नंतर एका मित्राकडून कॅलिब्रेटर म्हणजे स्क्रीन मोजायचं यंत्र आणून मोजलं तर स्क्रीनचा उजेड २७० कॅंडेला प्रति चौरस मीटर निघाला, आणि प्रिंटसाठी एडिट करणारे लोक तो साधारण ८० ते १२० च्या मध्ये ठेवतात. ब्राइटनेस उतरवत मी ११० वर आणला. पहिले दोन दिवस घरात लाइट गेल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू, पण डोळे सरावतात. आणि मग बाबांचा फोटो उघडला तेव्हा तो अगदी प्रिंटसारखाच काळोखा दिसला. म्हणजे इतके दिवस प्रिंटर खरं बोलत होता आणि मी त्यालाच शिव्या घालत होते.

कॅलिब्रेटर म्हणजे माऊससारखं दिसणारं छोटं यंत्र असतं, ते स्क्रीनवर लोंबकळत ठेवायचं, मग सॉफ्टवेअर त्याच्याखाली एकेक रंगाचे चौकोन दाखवत जातं आणि ते मोजत बसतं, आणि शेवटी त्या मॉनिटरचं प्रोफाइल, म्हणजे तो रंग कसे दाखवतो याची नोंद, बनवतं. सेटिंगमध्ये व्हाइट पॉइंट, म्हणजे पांढरा किती पिवळट की निळसर ते, ६५०० केल्विन आणि गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ ते, २.२ ठेवला की बहुतेकांचं भागतं. डिस्प्लेकॅल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आर्गिल या इंजिनावर चालतं आणि बऱ्याच यंत्रांना ओळखतं, जरा किचकट आहे पण चांगलं आहे. यंत्र नसेल तर ब्राइटनेस कागद धरून जमवता येतो, रंग मात्र नुसत्या डोळ्यांनी जमवायच्या भानगडीत पडू नका. डोळा कुठल्याही झाकेला पाच मिनिटांत सरावतो आणि तिलाच पांढरं समजायला लागतो.

याचा पुरावा माझ्याकडे मांजराच्या रूपात आहे. पांढऱ्या मांजराचा एक फोटो प्रिंट केला तर मांजर निळसर आलं, आकडे बघितले तर निळा खरोखरच जास्त, म्हणजे यावेळी चूक फाइलमध्ये, म्हणजे माझीच. अर्धा तास विचार केल्यावर आठवलं की संध्याकाळी सातनंतर लॅपटॉपचा नाइट मोड आपोआप चालू होतो आणि स्क्रीन केशरी करतो. मी केशरी पडद्यावर बसून मांजर पांढरं दिसेपर्यंत निळा ओतत गेले होते. एडिट करताना नाइट मोड बंद, आणि आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग बदलणारं जे काही असेल तेही बंद.

आता गुलाबी भिंत. फाइलमधला आकडा म्हणजे रंग नव्हे, रंगाची नुसती चिठ्ठी असते. तीच चिठ्ठी दोन मॉनिटरना दिली की ते दोन वेगळे रंग दाखवतात आणि प्रिंटर तिसराच. म्हणून प्रोफाइल लागतं, म्हणजे या यंत्राला अमुक आकडा दिला की प्रत्यक्षात कुठला रंग निघतो याची नोंद. १९९३ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी म्हणजे इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम काढलं ते याचसाठी, की सगळ्यांची प्रोफाइल एकाच पद्धतीची असावीत. प्रिंटच्या वेळी कुणीतरी एकाने फोटोचे आकडे प्रिंटरच्या प्रोफाइलप्रमाणे बदलून द्यायचे असतात. कुणीतरी एकानेच. माझ्याकडे दोघं बदलत होते.

प्रिंट मी फोटोशॉपमधून देत होते. प्रिंटच्या खिडकीत कलर हँडलिंगच्या रकान्यात 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडलेलं, त्याच्या खाली पेपरचं प्रोफाइल निवडलेलं, सगळं व्यवस्थित. पण तिथेच वरती 'प्रिंट सेटिंग्ज' असं एक बटण आहे, ते दाबलं की प्रिंटरच्या ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, स्वतःची खिडकी उघडते, आणि तिथे ॲडव्हान्स्डमध्ये खोल आत गेल्यावर कलर करेक्शन 'ऑटोमॅटिक' करून बसलेलं. म्हणजे फोटोशॉपने आकडे बदलून दिले आणि ड्रायव्हरने ते बदललेले आकडे मूळ समजून परत बदलले. दोन बायका फजिती ऐका, दुसरं काय. असं डबल झालं की प्रिंट बहुतेक वेळा मॅजेंटाकडेच जाते, त्यामुळे माणसं भाजल्यासारखी दिसायला लागली की मी आता आधी हीच खिडकी उघडते. हे बंद करायला एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये 'नो कलर ॲडजस्टमेंट' निवडायचं, कॅननमध्ये कलर करेक्शन 'नन' करायचं, मॅकवर बऱ्याचदा ते आपोआप बंद होऊन करडं पडतं. ते बंद केलं, मूळ एडिट घेतलं, चेहरा नव्या ब्राइटनेसवर उजळून घेतला, प्रिंट दिली. भिंत राखाडी! मी अक्षरशः ओरडले.

पेपरचं प्रोफाइल नसेल किंवा हे सगळं नको असेल तर उलट करा, 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' ठेवा आणि ड्रायव्हरला काय ते करू द्या. घरगुती कामाला तेही वाईट येत नाही, फक्त त्यातलं 'व्हिव्हिड' आणि 'फोटो एन्हान्स' असलं काही टिक केलेलं असेल तर काढा, ते बाबांचे ओठ लिपस्टिक लावल्यासारखे करतं.

अजून एक शहाणपणा मधल्या काळात करून झाला होता. प्रिंटरमध्ये सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई असते म्हणून मी फोटो सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शायांच्या आकड्यांत, कन्व्हर्ट करून दिला. मला वाटलं काय डोकं लावलंय. प्रिंट आली ती मरगळलेली, रंगांतला जीवच गेलेला. घरातल्या इंकजेट प्रिंटरच्या ड्रायव्हरला आरजीबीच, म्हणजे लाल-हिरवा-निळ्याचे आकडेच लागतात, शाईत वाटणी तो स्वतः करतो, आपण सीएमवायके दिलं की ते आधी परत आरजीबी होतं आणि मग पुन्हा शाईत, आणि या येण्याजाण्यात रंग वाटेतच गळतात. फाइल एसआरजीबी किंवा ॲडोबी आरजीबी या आरजीबीच्या नेहमीच्या प्रकारांत ठेवा, प्रोफाइल एम्बेड करा म्हणजे फाइलमध्येच जोडा आणि गप्प बसा. प्रोफोटो आरजीबी खूप मोठी स्पेस आहे, म्हणजे तिच्यात रंगांचा आवाका प्रचंड, त्यात काम करायचं तर १६ बिटमध्येच, म्हणजे रंगांच्या बारीक पायऱ्या ठेवून करा नाहीतर आकाशात पट्टे पडतात, आणि प्रोफाइल न वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडली तर सगळे आजारी दिसतात.

पेपरचं सेटिंग लोक गंमत म्हणून घेतात, पण मीडिया टाइपमध्ये आपण जे निवडतो त्यावरून प्रिंटर किती शाई ओतायची ते ठरवतो, काही प्रिंटर तर काळी शाई कुठली वापरायची तेही त्यावरूनच ठरवतात. ग्लॉसी पेपर घालून सेटिंग 'प्लेन पेपर' राहिलं की शाई वर तरंगते आणि बोट लागलं की फासते. प्रोफाइल हे प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांचं मिळून असतं, त्यातला एक बदलला की ते प्रोफाइल त्याचं राहत नाही. मी मध्येच स्वस्तातली दुसरी शाई भरली होती आणि मग कंपनीचं प्रोफाइल चुकीचं आहे म्हणून बोंबलत होते. तशी शाई वापरायला हरकत नाही, पण मग प्रोफाइल वेगळं बनवून घ्यावं लागतं: शेकडो चौकोनांचा एक चार्ट कलर मॅनेजमेंट पूर्ण बंद ठेवून छापायचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाच्या रंग मोजणाऱ्या यंत्राने मोजून घ्यायचा. आणि हो, कागदाची बाजू. हसू नका, मॅट पेपरची दोन्ही तोंडं ट्यूबलाइटखाली सारखीच दिसतात. कोपऱ्यावर ओलसर बोट लावून बघायचं, ज्या बाजूला बोट किंचित चिकटतं ती छापायची बाजू.

एवढं करूनही स्वेटर काही मिटेना. स्क्रीनवर निळा, कागदावर जांभळा. इथे मात्र चूक कुणाचीच नव्हती. स्क्रीनचा निळा हा स्वतःचा उजेड असलेला निळा आहे, साध्या प्रिंटरकडे निळी शाईच नसते, तो सायनवर मॅजेंटा घालून निळा बनवतो, आणि काही गडद झळझळीत निळे त्याच्या आवाक्याबाहेरच असतात. हे आधीच कळावं म्हणून सॉफ्ट प्रूफ असतं. लाइटरूममध्ये डेव्हलपमध्ये फोटोखाली त्याची टिक आहे, फोटोशॉपमध्ये 'प्रूफ कलर्स'. पेपरचं प्रोफाइल निवडलं की छापल्यावर काय होईल ते स्क्रीनवर दिसतं, आणि आवाक्याबाहेरचे रंग वेगळे रंगवून दाखवायची सोयही आहे. माझा स्वेटर जवळजवळ पूर्ण रंगला. त्यात पेपरचा पांढरा आणि शाईचा काळा दाखवायचं सिम्युलेशन चालू केलं की फोटोवर राख पडल्यासारखं होतं आणि पोटात खड्डा पडतो, म्हणून ती टिक करताना मी दुसरीकडे बघते आणि चार सेकंदांनी परत वळते, डोळ्याला आधीचं आठवत नसलं की तोच फोटो बरा वाटतो. कारण कागदाचा आवाकाच कमी आहे, साध्या मॉनिटरचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सगळ्यात पांढऱ्या आणि सगळ्यात काळ्यातलं अंतर, १०००:१ च्या घरात असतो, ग्लॉसी कागद साधारण २००:१ च्या आसपास पोचतो आणि मॅट तर ५०:१ च्या जवळपासच अडकतो.

आवाक्याबाहेरच्या रंगांचं काय करायचं ते रेंडरिंग इंटेंट ठरवतं. परसेप्चुअल सगळ्याच रंगांना थोडं थोडं आत सरकवतं, रिलेटिव्ह कलरिमेट्रिक फक्त बाहेरच्यांना कडेला आणून बसवतं आणि आतल्यांना हात लावत नाही. बाबांच्या फोटोला मी रिलेटिव्ह घेतलं, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फोटोतला सगळ्यात काळा कागदाच्या सगळ्यात काळ्याशी जुळवणं) चालू ठेवून, कारण मला चेहरा आणि भिंत जशीच्या तशी हवी होती आणि स्वेटर गेला तेल लावत. सॉफ्ट प्रूफ चालू ठेवूनच स्वेटरचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, थोडं उतरवलं आणि ह्यू, म्हणजे छटा, किंचित सायनकडे ढकलला. निळा आला. तोच निळा नाही, पण निळा. सूर्यास्ताच्या फोटोला मात्र मला परसेप्चुअलच आवडतं, नाहीतर केशरी आकाशात सपाट चट्टे येतात.

आता मी अख्खी ए४ आधी छापतच नाही. चेहरा, थोडी भिंत आणि थोडा स्वेटर येईल असा एक तुकडा कापते, त्याच्या वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या सहा प्रती एका कागदावर मांडते आणि तो छापते, फोटोत राखाडी काही नसेल तर कोपऱ्यात मुद्दाम एक राखाडी पट्टी टाकते कारण झाक सगळ्यात आधी तिच्यावर दिसते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते प्रिंटच्या पाठीवर लिहायचं, पेन्सिल त्या गुळगुळीत पाठीवर उमटत नाही, सीडीवर लिहायचं मार्कर लागतं. आणि दोन-तीन आठवडे प्रिंटर बंद असेल तर आधी नॉझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं उघडी आहेत का ते दाखवणारी प्रिंट. एकदा सगळेच फोटो लालसर यायला लागले म्हणून मी अर्धा दिवस प्रोफाइल बदलत बसले आणि निघालं काय तर सायनची अर्धी छिद्रं बुजलेली, चेकच्या कागदावर सायनच्या रेघा तुटक तुटक. एक हेड क्लीनिंग, काम झालं.

ताजी प्रिंट बघून निकाल लावू नका, डाय इंकचे, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईचे, रंग वाळताना काही तास हलत राहतात, मी रात्रभर ठेवते आणि सकाळी खिडकीशी नेऊन बघते, थेट उन्हात नाही. छपाईवाले ५००० केल्विनच्या प्रमाणित उजेडात बघतात, आपल्याला खिडकी पुरते.

खिडकीशी बाबांची प्रिंट इतकी सुंदर दिसली की लगेच फ्रेम करून पॅसेजमध्ये टांगली. रात्री बघते तर भिंत पिवळट हिरवी. बल्ब! पॅसेजमधला एलईडी पिवळा आणि स्वस्तातला, त्यात हा कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात ब्राइटनर घातलेले असतात, ते अल्ट्राव्हायोलेट मिळालं की निळसर चमकतात, खिडकीशी ते मिळतं आणि एलईडीखाली जवळजवळ नाहीच, म्हणून तोच कागद तिथे पिवळा. वर शाईचं मिश्रण एका उजेडात राखाडी आणि दुसऱ्यात हिरवट दिसतं ते वेगळंच, त्याला छपाईवाले मेटामेरिझम म्हणतात. त्या बल्बसाठी फोटो परत एडिट करायला बसले होते, म्हणजे तेच पखालीचं इंजेक्शन, मग उठले आणि बल्बच बदलला, ५००० केल्विनचा, सीआरआय ९५ वाला, म्हणजे ज्याच्या उजेडात रंग जवळजवळ खरे दिसतात. भिंत परत राखाडी झाली. बाबा रात्री पाणी प्यायला उठले, फोटोकडे बघितलंच नाही, वर बघून म्हणाले, "हा दवाखान्यासारखा उजेड कुणी लावला?"